फुकटचं पायजे तर देवळात जावा

१४ सप्टेंबर, रविवार
सकाळी भैरवनाथाला खोबरं-साखर ठेवून आले. पाऊस बारीक. भाजणीचं धान्य वाळेना. फॅनखाली चादरीवर पसरलंय, घरात पाय ठेवायला जागा नाही.

मोठ्या दिरांची ऋतुजा (इथून पुढे ऋ. लिहीन, शाई वाचते) लवळ्याच्या कॉलेजातून आली ती मोबाईल पुढे धरूनच. "काकी, तुझ्या भाजणीचं पेज काढलं." म्हटलं, अगं, पितृपंधरवडा चालू आहे, नवीन काही काढू नये. तर म्हणते, "मोबाईलला कसला पितृपक्ष!" नाव लिहिलंय सुमनकाकू. विचारलं, मी तुझी काकी ना? "काकी गावात चालती. पुण्याची गिऱ्हाइकं काकू म्हणत्यात." जन्मभर काकी, आता पेजवर काकू.

हे हसले. घोटावड्याच्या कंपनीतला ओव्हरटाइम बंद झाल्यापासून पहिल्यांदा. म्हणून मी पुढे बोलले नाही.

१८ सप्टेंबर
पेजवर भाजणीचा फोटो, मेतकुटाचा फोटो. आवडल्याचा अंगठा एक ऋ.चा, एक माझ्या बहिणीचा, एक कुणा परक्या माणसाचा. तो सगळ्यांनाच गुलाबाचं फूल पाठवतो म्हणे.

चौकशी एक आली. 'रेट?' इतकंच. रेट कळवला. मग काही नाही.

२३ सप्टेंबर, मंगळवार
काल घट बसले. उपास. ऋ. म्हणते आता फोटोनं भागत नाही, रील पाहिजे, तू बोल. उभी राहिले. "नमस्कार, मी सौ. सुमन, राहणार कासार आंबोली, आमच्याकडे..." पुढचं आठवेना. ऋ. डोक्याला हात लावून बसली. "काकी, शाळेत धडा वाचल्यावानी काय बोलतीस? घरात बोलती तशी बोल की."

घरात मी कशी बोलते ते मला काय माहीत.

२८ सप्टेंबर, रविवार
पौड रस्त्याला टेबल लावलं. रविवारी बंगलेवाल्यांच्या गाड्या असतात. ऋ. पाकिटांची रील काढत होती.

एक गाडी थांबली. गॉगलवाल्या बाई. चव बघते म्हणून चकली घेतली, पोरांना दिली, ड्रायव्हरला दिली, परत स्वतः घेतली. डबा तळाला लागला. मग म्हणतात, "मेतकुटाची एक पुडी तशीच टाका ना, ओळखीसाठी." मला राहवलं नाही. म्हटलं, "बाई, फुकटचं पायजे तर देवळात जावा. तितं परसाद वाटत्यात."

रागावतील वाटलं. हसल्या आणि भाजणी घेऊन गेल्या. उपासाच्या दिवशी तोंड सांभाळायला हवं होतं. बाकी दिवस बरा.

३० सप्टेंबर
ऋ. धापा टाकत आली. "काकी, तू हिट झालीस!" रविवारचं ते बोलणंच तिनं पेजवर टाकलंय. कुठल्या कुठे गेलंय. आकड्यापुढे एक इंग्रजी अक्षर आलंय, ते आलं म्हणजे लई झालं म्हणे.

मी मला बघितलं. पदर घसरलेला, हात कमरेवर. मी असं हात कमरेवर ठेवून बोलते? शेवटी ढोल वाजवलाय. भाजणीची पाकिटं दिसतात का म्हणून परत लावायला सांगितलं. दिसत नाहीत. माझ्या कोपराआड आहेत.

२ ऑक्टोबर, दसरा
सोनं लुटून देवळात गेले. भजनाच्या बायका होत्या. एकीनं आपट्याचं पान हातावर ठेवलं आणि म्हणाली, "घ्या वैनी, का फुकट न्हाई चालत तुमाला?" सगळ्या खिदळल्या. मीही हसले.

गुरवीणबाई नाही हसल्या. गाभाऱ्यापुढं झाडत होत्या. झाडता झाडताच म्हणाल्या, "देवाच्या परसादाला फुकट म्हणायचं व्हय, सुमन?"

आपट्याचं पान मुठीत धरून घरी आले.

भैरवनाथाच्या जन्माचा सुंठवडा दरसाल माझ्या हातचा असतो. सासूबाई करत, त्या गेल्यावर माझ्याकडे आला. कुणी नेमलं नाही, आपोआप आला. वर्षात तेवढं एक काम मी पैसे न लावता, न मोजता करते. आणि माझ्याच तोंडून...

मला त्या बाईला टोचायचं होतं. देव मध्ये कसा आला?

४ ऑक्टोबर, शनिवार
ऋ.ला सांगितलं, काढून टाक. फुरंगटली. "आख्ख्या कॉलेजात कुणाची रील एवढी चालली न्हाई, आन तू काढायला सांगतीस!" पण काढली. माझ्यादेखत. मी देवाला हात जोडले, सुटले म्हटलं.

संध्याकाळी बहिणीचा निरोप. 'ही बाई बघ, अगदी तुझ्यासारखी बोलते.' खाली तेच. मीच.

ऋ. म्हणते, "आपलं आपण काढलं. लोकांनी उतरवून घेतलेलं कसं काढणार?" म्हटलं, मग अर्ज कुणाकडे करायचा? तिनं एक बटण दाबलं, तक्रार गेली म्हणाली.

६ ऑक्टोबर
तक्रारीचं उत्तर आलं. इंग्रजीत. ऋ.नं वाचून सांगितलं, "ह्यात काही गैर न्हाई असं म्हणत्यात." कोण म्हणतंय? "कोण न्हाई गं, ते मशीनच बघतं."

मशीनला काय कळणार गुरवीणबाईंचं.

९ ऑक्टोबर
आता माझं चित्र झालंय. हात कमरेवर, खाली 'देवळात जावा'. ह्यांच्या कंपनीच्या ग्रुपवर कुणी चहाचे पैसे द्यायचं टाळलं की तेच पाठवतात. ह्यांनी सांगितलं नव्हतं, मीच त्यांच्या मोबाईलवर बघितलं. विचारलं तर म्हणाले, "मी न्हाई पाठवत. मला येतं फकस्त."

एका ठिकाणी कुणा बाईंनी लिहिलंय, 'देवाची चेष्टा करून धंदा करणाऱ्यांना लाज वाटली पाहिजे.' बाकीच्या हसणाऱ्यांचं एवढं लागलं नाही, हे लागलं. ऋ.ला मजकूर सांगून उत्तर लिहायला लावलं: 'ताई, मी रोज पूजा करणारी आहे, माझ्या मनात तसं नव्हतं.' त्यावर कुणीतरी लिहिलं, 'मग देवळातच जावा!' आणि रडेपर्यंत हसणारी तोंडं.

उत्तर काढून टाकायला सांगितलं.

१२ ऑक्टोबर, रविवार
टेबलाला एवढी गर्दी कधी नव्हती. सगळे रीलचे. लवळ्याच्या पोरी स्कूटीवरून आल्या. "काकू, तो डायलॉग म्हणा ना! एकदाच!" म्हटलं, बाळांनो, भाजणी बघा, खमंग आहे. "भाजणी नको काकू, हॉस्टेलला कुठं चकल्या तळणार? डायलॉग म्हणा." नाही म्हटलं. माझ्या शेजारी उभ्या राहून फोटो काढून गेल्या. रिकाम्या हातानं.

दिवसभर तेच. ऋ. कुजबुजली, "काकी, म्हण की एकदा. पाकिटं उठतील."

पाकिटं घरात रचून ठेवलीत. डाळी, तांदूळ, दळण, सगळं उधारीवर आधी करून बसले, ह्या पेजच्या भरवशावर. चकलीची भाजणी दिवाळीपर्यंतच. दिवाळी सरली की कोण विचारतं?

१५ ऑक्टोबर, बुधवार
लिहू नये वाटतं. पण हिशेब लिहिणाऱ्या बाईनं नको तेवढं गाळू नये.

वरच्या बंगल्यातली मंडळी आली. ऑफिसात दिवाळीच्या पिशव्या वाटायच्या आहेत, सगळी पाकिटं घेतो म्हणाले, फक्त काकूंनी एकदा म्हणायचं, आम्ही शूट करणार. ऋ. माझ्याकडे बघत होती. हे आत होते, बाहेर आले नाहीत.

म्हटलं.

वाऱ्याचा आवाज आला म्हणून परत म्हणायला लावलं. मग कुणी मागून गाडी नेली म्हणून परत. शेवटच्या वेळी त्यांच्यातला एक जण म्हणाला, "काकू, हात कमरेवर." ठेवला.

पहिल्या वेळी तोंडातून निसटलं होतं. आज पदर नीट करून म्हटलं.

पाकिटं गेली. खोली एकदम मोठी दिसायला लागली. दिवा लावला, देवाकडे नीट बघितलं नाही.

२० ऑक्टोबर, नरक चतुर्दशी
पहाटे ह्यांना तेल लावलं, उटणं लावलं. गिरणवाल्याचं, किराण्याचं सगळं चुकतं झालं. हे म्हणाले, "देवानंच दिलं म्हण की. त्याच्याच नावावर गेली पाकिटं." चेष्टेनं म्हणाले. मला धीर द्यायला. मी कढईतली चकली उलटत राहिले.

यंदा घरच्या चकल्या कडक झाल्या. मोहन कमी पडलं असेल.

३ नोव्हेंबर, सोमवार
देवळाचे अण्णा आले. सगळा उत्सव त्यांच्या हातात असतो. ओट्यावर बसले, चहा घेतला. पावसाचं, भाताचं बोलले. उठता उठता म्हणाले, "सुमन, औंदा सुंठवड्याचं थोरलीकडं देऊ म्हणतोय. तुला धंद्याचा लई व्याप."

थोरली म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, ऋ.ची आई. मी त्यांना अक्का म्हणते.

म्हटलं, अण्णा, व्याप काही नाही, पाकिटं संपली. "आगं असू दे, जरा इसावा घे." रीलचा शब्द काढला नाही. काढला असता तर मी काही तरी बोलले असते. माफी मागितली असती. काय बोलायचं ते मनाशी घोकून ठेवलं होतं.

जाताना मेतकूट मागितलं. घरातली पुडी दिली. पैसे काढायला लागले. म्हटलं, राहू द्या. "न्हाई बाबा, तुझ्याकडं फुकट न्हाई चालत," म्हणाले आणि हसले. चांगल्या मनानं हसले, तेच वाईट.

४ नोव्हेंबर
हे म्हणतात, घरातच राहिलं ना, मग कशाला तोंड पाडून बसलीस? खरंच. भांडायचं कुणाशी? अक्कांनी मागितलं नव्हतं. अण्णा गोड बोलले. ऋ. माझ्या भल्यासाठीच करत होती. गुरवीणबाई एकदाच बोलल्या, तेही खरं. त्या गॉगलवाल्या बाईंना तर पत्ताही नसेल.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
अक्का आल्या. ओशाळल्या होत्या. "सुमे, सुंठ कशी घालती गं तू? मला न्हाई बाई जमायचं. आन मिक्सरला फिरवू का?" म्हटलं, मिक्सर नको, खोबऱ्याला तेल सुटतं, गोळा होतो. खलबत्त्यातच कुटा. सुंठ तुपावर परता, खडीसाखर शेवटी घाला. खलबत्ता पण दिला. सासूबाईंचा.

त्या गेल्यावर आठवलं, खसखस सांगायची राहिली.

राहिली, का राहू दिली? दुपारभर हाच विचार.

८ नोव्हेंबर
सकाळी खसखशीची पुडी बांधून ठेवली. ऋ. आली की तिच्या हाती द्यायची. ती आली, घाईत होती. नवीन रील काढू म्हणत होती, 'काकूंचा दुसरा डायलॉग'. लोक वाट बघतायत म्हणे. मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "मग पेज मरतं, काकी. दिवाळी झाली, आता कोण इचारतंय तुझ्या भाजणीला?" आणि गेली.

पुडी तिच्या हाती दिली की नाही, आता आठवत नाही. फळीवर नाही, एवढं खरं.

१२ नोव्हेंबर, बुधवार. भैरवनाथ जन्म
दिवसभर हात रिकामे. दरसाल आजच्या दिवशी हाताला सुंठेचा वास असतो, दोन दिवस जात नाही.

संध्याकाळी जन्म झाला. पाळणा झाला. मी बायकांच्या मागं उभी होते. सुंठवड्याची परात गुरवीणबाईंनी घेतली, रांग लागली. घरी निघावं वाटलं, पण अक्कांनी हात धरला.

हात पुढं केला. गुरवीणबाईंनी चिमूट ठेवली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "घे गं सुमन, फुकटच हाय."

रांगेतल्या सगळ्या हसल्या. त्या स्वतः हसत होत्या. गेला महिनाभर माझ्याशी बोलल्या नव्हत्या, आज बोलल्या. टोचलं, का घरात घेतलं, ते त्यांच्या तोंडावरून मला कळेना. मला पण हसू आलं आणि डोळ्याला पाणी आलं, दोन्ही एकदम. सुंठेनंच आलं म्हणावं, तर सुंठवडा अजून तोंडात घातला नव्हता.

खसखस आहे का बघितलं. देवळातल्या उजेडात पांढरं दिसतंय ते खोबरं का खसखस, कळलं नाही.

मागं वळले तर खांबाशी ऋ. होती. हातात मोबाईल. उभा धरला होता की नुसताच हातात होता, माहीत नाही. तिनं मला बघितलं आणि हात खाली घेतला. विचारलं नाही. विचारून काय करणार होते?

सुंठवडा पदराला बांधून आणला. वाटीत काढून देवापुढं ठेवलाय. आत्ता हे म्हणाले, "खा की. परसाद हाय."

म्हटलं, खाते.