विडंबनातला ड, विटंबनेतला ट

बाई, “यात ड आहे की ट, ते आधी ठरव,” असं तुम्ही म्हणाला होतात. मी नववीत होते, चिंचवडच्या आपल्या शाळेत, आणि वार्षिक हस्तलिखित अंकासाठी मी ‘ओव्हरटाइमची आरती’ लिहिली होती. तीत कंपनीत मशीनवर काम करणारे माझे वडील साहेबापुढे उभे राहून मावळी बोलीत ‘व्हय सायब, व्हय सायब, व्हय सायब’ करत होते. वर्ग पोट धरून हसला. तुम्ही वही मिटलीत आणि फळ्यावर दोन शब्द लिहिलेत: विडंबन, विटंबना. मूळ एकच, म्हणालात. संस्कृतात आधी नुसती नक्कल, सोंग; मग चेष्टा. तोच शब्द मराठीत येऊन ड चा ट झाला आणि अर्थ पार बेअब्रूपर्यंत गेला. “हसणाऱ्याला नेहमी ड च दिसतो. ज्याला हसतोय त्याला विचारावं. वडिलांना वाचून दाखव. ते हसले तर घेऊ.”

पहिल्या शिफ्टहून आलेले अण्णा स्वयंपाकघरात पाटावर बसलेत, बशीत चहा ओततायत. मी वाचते. कणीक मळणारे आईचे हात थांबलेत. “व्हय सायब मी येकदाच म्हन्तो गं,” अण्णा म्हणतात. “तीनदा कशापायी?”

“चालीत बसावं म्हणून.”

“मंग ऱ्हाऊ दे,” म्हणाले, आणि हसले. खरंच हसले. तेवढंच मी तुम्हाला येऊन सांगितलं, आणि आरती हस्तलिखितात गेली. सांगितलं नाही ते हे, की त्यानंतर माझ्या मैत्रिणी घरी आल्या की अण्णा ‘होय’ आणि ‘नाही’ म्हणू लागले, एकेक शब्द जपून. आजही रावेतच्या फ्लॅटखाली वॉचमनशी तासभर मावळीत गप्पा मारणारा हा माणूस लिफ्टमधून वर आला की माझ्याशी शुद्ध बोलतो.

तुम्ही जाऊन वीस वर्षं होत आली. दुसऱ्या कुणी ती वही फाडली असती, आणि मी पुन्हा लिहिलं नसतं. तुम्ही मला गप्प केलं नाहीत, कामाची रीत दिलीत. आता मी पेपरात थट्टेचं सदर लिहिते. वाकडच्या सोसायट्या, त्यांचे चेअरमन, पार्किंगची भांडणं. प्रत्येक लेख आधी मोठ्याने वाचते, ज्याच्यावर लिहिलाय त्या माणसाच्या कानांनी ऐकत. निम्मी वाक्यं तिथेच गळतात, उरलेल्यांना धार येते. परवा एका चेअरमनसाहेबांनी स्वतःवरचा लेख नोटीस बोर्डावर लावला. तुम्हाला दाखवावासा वाटला.

फक्त अण्णांना, त्या हसण्यानंतर काय झालं, हे मी कधीच विचारलेलं नाही. ते ऐंशीचे झाले. या रविवारी विचारायचं म्हणते. तेवढ्यापुरत्या माझ्या शेजारी येऊन बसाल का, बाई? “बापाशी बोलायला बाई कशाला लागते,” म्हणाल, आणि येणार नाहीत.