साहेबांच्या बंगल्यातली हरळी

छावणी, औरंगाबाद
कार्तिक वद्य पंचमी

तीर्थरूप आईच्या पायांवर पुंजारामाचं डोकं.

मी बरा आहे. जेवण वेळेवर होतं. पाठ धरलीय, संध्याकाळी हात वर होत नाय, पण ते कामाचं आहे. तू मनाला लावून घेऊ नको.

पोलिस ॲक्शननंतर बंगल्यावर आलेल्या नव्या साहेबांना हिरवळीचा लई शौक. अन् हिरवळ कशाची, तर हरळीची! आपण रानातून मुळासकट काढतो तीच. थंडी वाढायच्या आत तिची बडदास्त चाललीय. शेवटची कापणी जरा उंच ठेवली, वर चाळलेलं शेणखत पसरलं. आता पाणी आठ दिवसांनी.

तरी ती पिवळी पडलीच. साहेब म्हणाले, "मेली ही. खणून टाक, नवी लाव."

मी म्हणालो, "साहेब, ही मरत नाय. थंडीत निजती, चैत्रात उठती."

"तुला कुणी शिकवलं?"

"आईनं. चाळीस वर्षं ती हिला मारतीय."

साहेब लई हसले. मला नाय हसू आलं.

काल आपला शेजारी चांदपाशा बाजारात भेटला. म्हणाला, विहिरीजवळच्या पडीक तुकड्यात हरळी माजलीय, अन् तू एकटीच कुदळ घेऊन जातीस. खरं का? खोकला गेला का?

नको जाऊ, आई. चैत्रात रजा घेऊन येतो, मीच खणतो. तवर तिला निजू दे. तू पण जरा नीज.

तुझाच,
पुंजाराम