पदरचं

अण्णा, शनिवारी मी चारचौघांत तुमचं नाव काढलं. म्हणजे तुम्ही माझ्या लहानपणी म्हणायचात, "पोरगी नाव काढेल बघ," तसं नव्हे. ते काढलं की नाही ते तुम्हीच ठरवा. मी आपलं तोंडानेच काढलं, माइकवरून, इथे अमेरिकेत, ईडन प्रेरीतल्या एका शाळेच्या कॅफेटेरियात, मराठी मंडळाच्या संक्रांतीला. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, आत काळ्या साड्या, हलव्याचे दागिने आणि दाराशी ओल्या बुटांचा ढीग. तुम्ही जिवंत असतात आणि तुम्हाला हे सगळं दाखवलं असतं, तरी संध्याकाळपर्यंत ते तुमच्या डोक्यातून पुसलं गेलं असतं. उलट तुम्ही कधी आलाच नसतात, तर मात्र दुसऱ्या दिवशी आईला बिनदिक्कत सांगितलं असतंत, की काल मी अमेरिकेला जाऊन आलो, तिथला तिळगूळ जरा कडक होता.

मी इथे एका रीहॅबमध्ये काम करते. मेंदूला इजा झालेल्या माणसांना रोजचं जगणं पुन्हा शिकवायचं, हे माझं काम. कुणाला अपघात झालेला असतो, कुणाला स्ट्रोक, आणि कुणाचा मेंदू वर्षानुवर्षं दारूत भिजलेला असतो. हे ठाऊक असल्यामुळे मंडळाच्या एका काकांचा फोन आला. "ताई, संक्रांतीला ब्रेन हेल्थवर बोला. अक्रोड, सुडोकू, प्राणायाम, असं काहीतरी पॉझिटिव्ह." मी म्हटलं, दारू आणि स्मरणशक्ती यावर बोलते. मग म्हणाले, "नको हो, फॅमिली इव्हेंट आहे. आणि आपल्या लोकांत तो प्रॉब्लेम नसतो." मला हसू आवरेना. याच काकांच्या बेसमेंटमधला बार मी डोळ्यांनी पाहिलाय, आमच्या देवघरापेक्षा त्याची रोषणाई जास्त. पण मी हट्ट सोडला नाही. माझा हट्टीपणा तुमच्याकडूनच आलाय, असं आई म्हणायची. शेवटी काका म्हणाले, "बरं, बोला. पण पर्सनल काही नको. लोक अनकम्फर्टेबल होतात."

खरी अडचण काका नव्हतेच, अण्णा. अडचण तुमची नात होती. ती हायस्कूलला आहे आणि मंडळाची साउंड सिस्टिम तीच बघते, म्हणजे माझा प्रत्येक शब्द तिच्या कानावरून जाणार. आजोबा कशाने गेले, तर हार्टने, एवढंच तिला माहीत. इथे सगळ्यांनाच मी तेवढंच सांगत आले. तिच्या मनात तुम्ही म्हणजे हॉलमधल्या फोटोतला पांढऱ्या बुशशर्टातला देखणा माणूस. मी खरं सांगितलं आणि त्या पोरीच्या डोळ्यांत तुम्ही एकदम लहान झालात तर? दारुड्या, एवढा एकच शब्द उरला तर? आठवडाभर माझं कशात लक्ष नव्हतं. भाजीत दोनदा मीठ घातलं आणि नवऱ्याची बोलणी खाल्ली.

तुम्ही सांगलीजवळच्या साखर कारखान्यात केमिस्ट. उसाच्या रसाची परीक्षा करणारा माणूस म्हणून गावात मान. आणि रोज संध्याकाळी बाटली. मी तिसरीत जाईपर्यंत जेवणाचं ताट तसंच झाकून राहायला लागलं होतं. एक दिवस तुम्ही चालताना भिंतीला धरताय, डोळे एका जागी ठरत नाहीत, आईला विचारताय, आपण कोण. मिरजेच्या दवाखान्यात इंजेक्शनं देतात. हळूहळू डोळे स्थिर होतात, पाय सुधारतात, माणसं ओळखू येतात. आठवण मात्र येत नाही. लग्नातली गोष्ट घडाघडा सांगता आणि सकाळी काय खाल्लं ते ठाऊक नाही. मी आज रीहॅबमध्ये घरच्यांना हेच समजावते. वर्षानुवर्षं दारू पोटात गेली आणि अन्न गेलं नाही, की मेंदूला लागणारं एक जीवनसत्त्व संपतं. आज घडलेलं उद्यासाठी ठेवून देणारी एक जागा मेंदूत खोलवर असते, ती करपते. जुनं बरंचसं शाबूत राहतं, नवं टिकत नाही. हातापायांची सवय मात्र वेगळ्या जागी राहते, ती बऱ्याचदा वाचते.

आईला यातलं काही कुणी सांगितलं नव्हतं. तिला फक्त तुम्हाला दिवसभर खुर्चीत बसलेलं बघवत नव्हतं. म्हणून तिने तुम्हाला माझ्या शाळेचा रस्ता शिकवला. रोज दुपारी तीच वेळ, तीच बाजू, पिठाच्या गिरणीपाशी वळायचं. आठवतंय का, असं ती तुम्हाला कधीच विचारायची नाही. चुकीच्या बाजूला पाय वळला की नुसतं कोपराला धरायची. कित्येक महिने हे चाललं आणि एक दिवस तुम्ही एकटे फाटकाशी उभे. मी धावत आले तर मलाच विचारता, "मी इथे का आलो गं?" मी म्हटलं, मला घ्यायला. "हो, मग," तुम्ही म्हणता, जसं काही मीच विसरले होते. अण्णा, आज मी हे काम करते म्हणून सांगते, तुम्ही केलंत ते साधं नव्हतं. नवं काही टिकत नसलेल्या मेंदूने एक नवा रस्ता शिकला, आणि तो माझ्याकडे येणारा होता.

आता ते गळिताचं, कारखान्यातल्या ऊस गाळण्याचं. फाटकाशी उभ्या असलेल्या माझ्या वर्गातल्या मुलींच्या आयांना तुम्ही रुबाबात सांगायचात, "आज गळीत लवकर आटपलं, म्हणून आलो." ऐन जूनमध्ये. कारखाना बंद, धुराडं थंड, उसाचा पत्ता नाही, आणि तुमची नोकरी सुटूनही जमाना झालेला. आमच्या भागातलं शेंबडं पोरही सांगेल, की जूनमध्ये गळीत नसतं. बायका पदराआड हसायच्या. शेजारच्या मावशी एकदा आईला म्हणाल्या, "तुमचे हे काय थापा मारतात हो." आई धुणं वाळत घालत होती. तिने हातातलं काम सोडलं नाही. "थापा मारणाऱ्याला खरं माहीत असतं," ती म्हणाली. "यांना ते माहीतच नाही. मधलं रिकामं राहू नये म्हणून पदरचं घालतात, एवढंच." माझ्या शिक्षणात या गोष्टीला मोठं इंग्रजी नाव आहे. त्याचा मराठी शब्द भाषणासाठी मी शोधत बसले होते. कोशातला उच्चारताना जीभ अडखळली. मग आईचाच घेतला.

गावाने आणखी एक विनोद केला होता. म्हणायचे, त्याची दारू सुटली कसली, विसरला तो. याचा मला आजही संताप येतो, कारण खरं बरोबर उलटं होतं. जुनं शाबूत होतं ना, मग दारूची तल्लफही शाबूत होती. पुसलं गेलं होतं ते पुढचं सगळं. दवाखाना, डॉक्टरांची ताकीद, आईच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ. का प्यायची नाही हे ज्याला आठवत नाही, पण प्यायची कशी हे पक्कं आठवतं, असा माणूस रोज पर्मिट रूमवरून मला घरी न्यायचा. गिरणीच्या पुढेच ती होती. पायरीवरून तुमचे जुने दोस्त हाक मारायचे, "या केमिस्ट, बसा जरा." आणि तुम्ही म्हणायचात, "आज नको. आज मुलगी बरोबर आहे." रोज "आज". तेवढ्या अंतरात माझ्या हातावरची तुमची पकड इतकी घट्ट व्हायची, की बोटं दुखायची. तुम्ही जाईपर्यंत पुन्हा थेंब घेतला नाहीत.

हे सगळं मी शनिवारी सांगितलं. आधी जीवनसत्त्व, मेंदू, रोज थोडी थोडी म्हणत किती होते ते सांगितलं. मग म्हटलं, "हा पेशंट माझे वडील." काका घड्याळाकडे बघायला लागले. साउंडच्या टेबलाकडे बघायची माझी हिंमत होईना. पण एकदा पर्मिट रूमपर्यंत पोचले आणि माझा आवाज चढला. लाजेने नव्हे. मी मिरवत होते अण्णा, सरळ सरळ मिरवत होते, बाकीचे आपल्या पोरांच्या कॉलेज ॲडमिशन मिरवतात ना, तसं. नंतर एक काकू तिळगूळ द्यायच्या निमित्ताने जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "आमचे हे हल्ली काहीबाही सांगतात. मला वाटायचं, खोटं बोलतात. रोज भांडते मी." मी त्यांचा हात धरून म्हटलं, आधी भांडण थांबवा, आणि सोमवारी डॉक्टरांकडे न्या, दारूचं काही न लपवता सांगा.

घरी येताना गाडी तुमची नात चालवत होती. मग सिग्नलला थांबल्यावर म्हणाली, "आई, ही वॉज सो स्ट्राँग. व्हाय डिड यू हाइड हिम?" मी म्हटलं, वेडी होते म्हणून. ती हसली. मग म्हणाली, "अँड ही रिअली सेड दॅट? आज मुलगी बरोबर आहे? एव्हरी सिंगल डे?" मी म्हटलं, हो तर.

अण्णा, हे तिला सांगणार नाही, तुम्हालाच सांगते. दोन दिवस आठवून बघतेय. गिरणी आठवते, पायरी आठवते, ती हाक कानात आहे. तुमची पकड तर माझ्या बोटांना अजून ठाऊक आहे, त्यात तिळमात्र शंका नाही. पण तुमचा आवाज कितीही ओढला तरी येत नाही. तुम्ही बहुतेक काहीच म्हणत नव्हतात, नुसते हात आवळून चालत होतात. ते वाक्य माझ्या पदरचं असावं.