चंद्राची पाठ

ता. ९ मार्च, रविवार

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. तुझा खोकला गेला का? गेला नसेल तर उगाच अंगावर काढत बसू नकोस. तुझी लेक मजेत आहे. पुढचा दात पडल्यापासून 'स' म्हणताना तिची शिट्टी वाजते, आणि ती वाजावी म्हणून बाईसाहेब दिवसभर 'स'चे शब्द शोधत असतात.

त्यात मी बालवर्गात सूर्यमाला शिकवायला घेतली. मग काय, चंगळच!

"उद्या आपण सूर्यमाला बघू या," एवढंच मी म्हणाले होते. दुसऱ्या दिवशी अर्धा वर्ग मणी घेऊन हजर. कुणी आईच्या तुटलेल्या माळेतले, कुणी चक्क शर्टाची बटणं. सूर्याच्या गळ्यात घालायची ती सूर्यमाला, अशी सगळ्यांची समजूत! हसून हसून माझी पुरेवाट झाली. शेवटी बटणांचेच ग्रह केले आणि टेबलावर मांडले. तर तुझी लेक, आपली खारूताई, उठून म्हणते, "मावशी, पण ह्यात दोरा कुठाय? घरंगळून जातील की सगळे." (तिच्यामुळे आता अख्खा वर्ग मला मावशीच म्हणतो.) मी म्हटलं, दोरा नसतो गं, ओढ असते. सूर्याची ओढ असते, म्हणून कुणी कुठे जात नाही.

"दिसते का ती?"

"नाही."

त्यावर ती बटणांखालून बोट फिरवून ओढ शोधायला लागली.

मग शाळेच्या अंगणात खेळ मांडला. सूर्य म्हणून शिपाईकाकांना पिवळा टॉवेल पांघरून मधोमध स्टुलावर बसवलं. सूर्याने जागचं हलायचं नाही म्हटल्यावर ते खूश. "बाई, असलं काम आजवर कुठे लपवून ठेवलं होतंत?" बाकीच्यांनी आपापल्या खडूच्या गोलावरून फिरायचं. पृथ्वी होणारा मुलगा तापाने घरी, म्हणून पृथ्वी मी. आणि चंद्र आपली खारूताई. तिला बजावलं होतं, चंद्राचं तोंड कायम पृथ्वीकडे असतं, कितीही फिरला तरी तो आपल्याला पाठ दाखवत नाही.

ताई, तू बघायला हवी होतीस तिला. बारीक बारीक पावलं टाकत, आडवी आडवी, नजर माझ्या चेहऱ्यावरून जराही न हलवता ती माझ्याभोवती फिरत होती. कोवळं ऊन होतं. खडूची धूळ उडत होती आणि कधी नव्हे ते कुणी बोलत नव्हतं. मला खरंच वाटायला लागलं की खाली जमीन नाहीच. आम्ही सगळे कुठेतरी वर, अगदी सावकाश तरंगतोय आणि हे असंच चालू राहणार. शाळा सुटायची नाही, सुट्टी लागायची नाही.

तेवढ्यात मला गरगरलं आणि मी मटकन खाली बसले. "पृथ्वी पडली! पृथ्वी पडली!" पोरं खो-खो हसायला लागली. सूर्य स्टूल सोडून पाणी आणायला धावला. चंद्राने तेवढा माझा हात घट्ट धरला आणि कानात विचारलं, "मावशी, मग चंद्राची पाठ कुणाला दिसते?"

"बाकीच्या आकाशाला," मी म्हटलं. म्हटलं खरं, आणि उगाचच तिच्या अंगावरची खडूची धूळ झटकत बसले.

आता सुट्टीचा विषय निघालाच आहे तर बोलते. परवा तू फोनवर म्हणालीस की दोन खोल्यांचं घर मिळालं, सुट्टी लागली की तिला न्यायला येते. किती आनंदात होतीस! आणि मी नुसतं "बरं" म्हटलं, दूध उतू जातंय म्हणून फोन ठेवला. दूधबीध काही नव्हतं गं. तू मनात काही ग्रह करून घेतला असशील तर काढून टाक. (हा ग्रह बटणाचा नव्हे.) नोकरीसाठी तिला माझ्याकडे ठेवलंस तेव्हा थोडेच दिवस असं आपलं ठरलं होतं, ते मी सोयीस्कर विसरले. तू येणार हे मी तिला सांगितलंच नव्हतं. वाटायचं, सांगितलं नाही तर तुझं येणंही लांबेल. वेडीच आहे मी.

आज सकाळी वेणी घालताना सांगून टाकलं. "आई येणार!" अशी टुणकन उडी मारली की अर्धी वेणी माझ्या हातातून सुटली. घरभर नाचली. मग परत येऊन समोर बसली आणि म्हणाली, "मग चंद्र कोण होणार?"

"होईल कुणीतरी."

"कुणीतरी नाही!" केवढी रागावली! "मी येईन ना पुढच्या सुट्टीत. तोपर्यंत पृथ्वीने एकटीनेच फिरायचं."

कबूल केलं. काय करते!

तेव्हा ये, ताई. खुशाल ये आणि घेऊन जा. झोपेत ती पाय पोटावर टाकते, लाथा खायची तयारी ठेव. मला मेलीला त्याशिवाय झोप कशी लागायची, ते माझं मी बघेन.

फक्त एक कर. निघताना तिला चालवत नेऊ नकोस, कडेवर घे. जड झालीये, पण रस्त्याच्या वळणापर्यंत तरी घे. तोंड मागे, माझ्याकडे राहील अशी धर.

तिची पाठ मला बघवणार नाही.

तुझी
धाकटी