लाल गाडीचा निळा धूर

१३ मे, सोमवार

गाडी नापास. कारण: निळा धूर. तपासणी केंद्रातल्या योन्नाने स्वतः सायलेन्सरच्या मागे उभं राहून खात्री करून घेतली आणि मग खोकत खोकत निकाल सांगितला.

"सोल्वेग, तुझी गाडी माझ्या आजोबांसारखी सिगारेट ओढते. एक महिना देते. तेवढ्यात धूर बंद झाला तर ठीक, नाहीतर हिला रस्त्यावर आणायचं नाही."

एक महिना! आयुष्यभर वर्तमानपत्रात काम केलं, बातमी कधी उशिरा दिली नाही. पण बातमीला निदान लिहिणारा माणूस असतो. इंजिनाला मुदत कोण सांगणार?

दोन हिवाळे घातलेत हिच्यात. जुनी लाल स्टेशन वॅगन, साधं इंजिन, त्यावर भंगारातल्या गाडीचा टर्बो, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा ढकलणारा पंखा. सगळ्या नळ्या, सगळे जोड घरचे, माझे आणि शेजारच्या एस्किलचे. मध्य-उन्हाळ्याच्या सणाला ही घेऊन नॉर्वेच्या किनाऱ्यापर्यंत जायचं ठरवलंय. महिन्यात जमलं नाही तर विकून टाकायची. बूडेन गावचा एक माणूस केव्हाचा मागे लागलाय.

१४ मे

सकाळी एस्किल दारात. फेरीबोटीवर इंजिनं सांभाळून निवृत्त झालेला माणूस. काहीतरी सांगायला त्याने तोंड उघडलं होतं, पण मीच आधी सुरू झाले. "नापास झाली! आता महिनाभर तुझी सुटका नाही, रोज यायचं."

त्याने तोंड मिटलं आणि आत श्वास ओढला. श्शुप्. आमच्या उत्तरेत 'हो' असंच म्हणतात. दक्षिणेकडून आलेल्या आमच्या नव्या संपादिकेला वाटलं होतं, याला दमा आहे.

अजून पहाटे डबक्यांवर बर्फाची साय धरते. एस्किलच्या डाव्या हातात लोकरीचा हातमोजा, उजवा हात खिशात.

"दुसरा कुठाय?"

"असेल कुठेतरी."

लक्षणं अशी. गार इंजिन सुरू केलं की धूर नाही. जागेवर थोडा वेळ चालू ठेवलं की निळी रेघ. मग पेडल दाबलं की ढग!

"निळा म्हणजे ऑइल," एस्किल म्हणाला. "पांढरा असता तर पाणी, काळा असता तर पेट्रोल. ऑइल कुठून शिरतंय, एवढंच शोधायचं."

एवढंच!

१८ मे, शनिवार

टर्बोच्या सीलवर संशय. टर्बो उतरवला, जपून ठेवलेला दुसरा चढवला. सबंध दिवस गेला. मध्ये कॉफी, तीत आमच्याकडच्या रीतीने चीजचे तुकडे. एस्किल ते चमच्याने तळापासून खरवडून खातो, कपात काही म्हणून शिल्लक ठेवत नाही.

सुरू केलं. तोच धूर, तोच रंग.

तेवढ्यात मायब्रिट, माझी चुलत बहीण, सायकलवरून आली. "अगं, लग्न झालेल्या जोडप्यांनासुद्धा इतका धूर काढता येत नाही!"

एस्किलचे कान लाल झाले. गॅरेजात उकडत होतं म्हणा.

२० मे

आज धूर नाही. गाडी सुरूच केली नाही.

२५ मे, शनिवार

आता टर्बोला जाणाऱ्या ऑइलवर संशय. दाब जास्त असेल तर सील बिचारं काय करणार? येणाऱ्या नळीत बारीक भोकाचा जोड बसवला. धूर थोडा कमी झाला. एस्किल म्हणतो, बराच कमी. मी म्हणते, वारा जास्त आहे.

रात्रभर वाचलं होतं, म्हणून मी मुद्दा काढला. टर्बोमधून ऑइल खाली उतरतं ते स्वतःच्या वजनाने. त्याला कोणी ढकलत नाही. इंजिनाच्या पोटात हवा कोंडली, तर ते उतरणार कसं? तुंबणार, आणि सीलमधून वाट काढणार. म्हणजे इंजिन श्वास सोडतं तो ब्रीदर पाइप एकदा बघायला हवा.

"बघितलाय मी," एस्किल म्हणाला. माझ्या हातातला पाना घेऊन तो स्वतःच त्या बाजूला जाऊन उभा राहिला.

त्याने बघितलाय म्हणजे बघितलाय.

तसं तिथे काही असण्याचं कारणही नाही. ऑक्टोबरात गाडी झोपवताना उंदीर शिरू नयेत म्हणून चिंध्या कोंबल्या होत्या, एक सायलेन्सरमध्ये आणि एक हवेच्या फिल्टरमध्ये. कोंबलेली प्रत्येक चिंधी लक्षात राहावी म्हणून स्टिअरिंगवर एक लाल फीत बांधायची, ही वडिलांपासूनची शिस्त. दोन फिती होत्या, दोन चिंध्या एप्रिलातच निघाल्या.

एस्किलच्या दोन्ही हातांत आज मोजे होते. डावा विटका, उजवा कोरा करकरीत.

१ जून, शनिवार

टर्बोतून ऑइल परत आणणारी नळी बदलली. जाड घेतली, सरळ उतार दिला, कुठे वाक ठेवला नाही. हात कोपरापर्यंत काळे. एस्किल शिट्टी वाजवत होता! हा माणूस शिट्टी वाजवतो हे मला माहीत नव्हतं.

सुरू केलं. धूर.

पलीकडच्या अंगणातून शेजारीण ओरडली, "माशांना धुरी देताय का? सांगा, माझेही आणते!"

हसलो खूप. पण ती गेल्यावर मी बराच वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून बसले. सुचेल ते सगळं करून झालं.

४ जून

ठरवलं. बूडेनच्या माणसाला शनिवारी बोलावलं. एस्किलला कॉफी पिताना सांगितलं.

"विकणार?"

"मुदत म्हणजे मुदत."

त्याने कप खाली ठेवला. मग उठला, टोपी घातली, गेला. कपात चीज तसंच होतं.

६ जून

राष्ट्रीय दिनाची सुट्टी, घराघरावर झेंडे. बोलावलं नसताना एस्किल सकाळीच हजर.

"शेवटचं एकदा चालवून बघू. ऑइल मी पाहून ठेवलंय."

"आता काय बघायचं राहिलंय?"

"बघू तर."

सुरू केलं आणि पायरीवर कॉफी घेऊन बसलो. धुराची वेळ झाली. टळून गेली. सायलेन्सर स्वच्छ! मी कप टाकून धावले, पेडल दाबलं. तरीही काही नाही!

बॉनेट उघडलं तर आत ऑइलची रंगपंचमी. ऑइल भरायचं झाकण बॅटरीवर निवांत पडलेलं, आणि उघड्या भोकातून चहूकडे शिंतोडे.

"झाकण कोणी विसरलं?"

"तूच बहुतेक," एस्किल म्हणाला. "वय झालं आपलं."

मी झाकणाला हातही लावल्याचं आठवत नाही. पण तेव्हा भांडायला वेळ कुणाला! झाकण लावलं, थोड्याच वेळात धूर. काढलं, धूर बंद. पुन्हा लावलं, पुन्हा धूर. म्हणजे हवा कोंडतेय! झाकण उघडं असलं की तिला वाट मिळते, म्हणून ऑइल मुकाट खाली उतरतं.

मी सरळ ब्रीदर पाइप काढला. एस्किल खिशात हात घालून उभा. तारेचा आकडा करून आत घातला, ओढला, आणि बाहेर आला लोकरीचा हातमोजा! ऑइलने काळाकुट्ट, मेलेल्या घुशीसारखा.

मी जमिनीवर बसून हसले.

"तू बघितला होतास ना रे पाइप?"

"चष्मा नव्हता."

"मग हा आत गेला कसा? फीत नाही, काही नाही."

"उंदरांनी घर केलं असेल."

"विणून?"

"इकडचे उंदीर हुशार आहेत."

पाइप जोडला, झाकण लावलं. धूर नाही. संध्याकाळपर्यंत नाही. बूडेनला फोन केला, येऊ नका म्हटलं.

१२ जून, बुधवार

पास! योन्नाने सायलेन्सरपुढे पांढरा रुमाल धरला, उलटसुलट पाहिला. "आजोबांनी सोडली वाटतं!"

एस्किलने माझा हात हातात घेऊन अभिनंदन केलं. मग माझ्या गॅरेजात दोन हिवाळे मुक्काम ठोकून असलेली त्याची हत्यारांची पेटी उचलली.

"आता काय राहिलं?" दारात थांबून म्हणाला.

"काही नाही," मी म्हटलं.

काय पण उत्तर दिलं!

१३ जून

गॅरेज फारच नीटनेटकं दिसतंय. चीज उरलं.

१५ जून, शनिवार

मायब्रिट आली. तीन वेळा धुतलेला मोजा मी खिडकीत वाळत टाकला होता. तिने उचलला, काठ उलटवून पाहिला.

"हा तर माझ्या हातचा. एस्किलचा उजवा!"

"एस्किलचा?"

"अगं, गाडी नापास झाली त्याच आठवड्यात आला होता माझ्याकडे. म्हणे, 'फक्त उजवा विणून दे.' मी म्हटलं, डाव्याने काय घटस्फोट घेतला? तर म्हणे, 'उजवा सोल्वेगच्या इंजिनात आहे. ऑक्टोबरात हाताशी चिंधी नव्हती, उंदरांसाठी मोजाच कोंबला आणि विसरलो. आता आठवलं.'"

"मग मला सांगायला काय झालं होतं त्याला?"

"विचारलं की मी! म्हणाला, सांगायलाच निघालो होतो, पण तिने दारातच म्हटलं, महिनाभर रोज ये."

मी मोजा तिच्या हातून काढून घेतला.

"मला वाटलं, थट्टा करतोय," मायब्रिट म्हणाली. "एस्किल आणि थट्टा! तेव्हाच ओळखायला हवं होतं."

ती गेल्यावर एकेक जुळवत बसले. "बघितलाय मी." खरंच बघितला होता! तो बदललेला टर्बो, ती जाड नळी, ती शिट्टी. आणि मी विकायचं म्हटल्यावर बॅटरीवर आपणहून जाऊन बसलेलं ते झाकण.

रागवायला हवं. राग येईल म्हणून वाट पाहत बसले. कॉफी संपली, आला नाही.

१६ जून, रविवार

गाडी झकास चालते. धूर नाही, कसलाही आवाज नाही.

एस्किलला फोन केला. पुढच्या डाव्या चाकाकडून खडखड ऐकू येते म्हटलं. इथे कळत नाही, लांबच्या रस्त्यावरच कळेल, नॉर्वेपर्यंत कोणीतरी शेजारी बसून ऐकायला हवं.

पलीकडून उत्तर आलं. श्शुप्.

शुक्रवारी सकाळी निघायचं. हत्यारांची पेटी घेऊन येतोय. उजवा मोजा त्याच्या सीटवर ठेवून दिलाय.