मागे बसलेलीने बोलायचं नाही

३ नोव्हेंबर, सकाळ
पाळणाघर! माझी नात, वय वर्षं सहा, तीनला शाळा सुटल्यावर सहापर्यंत पाळणाघरात. घरात धडधाकट आजी असताना. सूनबाईंच्या ऑफिसची वेळ पहिल्या तारखेपासून बदलतेय, म्हणून हा घाट. चिरंजीवांनी नाश्त्याला जाहीर केलं, जणू हवामानाची बातमी. मी म्हटलं, भिंगरीला मी आणीन. कशाने, म्हणाला. बसला दोन बदल आहेत, आणि गाडी तर आई तू... वाक्य पुरं केलं नाही. गाडीच्या किल्ल्या त्याने मार्चमध्येच काढून घेतल्या. फाटकाचा खांब चुकीच्या जागी बांधलाय, हे या घरात अजून कोणी मान्य करत नाही.
म्हटलं, तुमच्या त्या लांबलचक सायकलने आणीन. हे पेपरात शिरले.

संध्याकाळ
कार्गो सायकल म्हणजे काय, तर साधी सायकल, मागून ताणलेली. मागे बाक, बाकाला कठडा, दोन्ही बाजूंना पोतडीएवढ्या पिशव्या. चढावर बॅटरी ढकलते. तिच्यावरून या घरात किराणा येतो, दुरुस्तीचा मिक्सर जातो, एकदा पलंगाची गादी आली. मग सतरा किलोची नात का येणार नाही? कॉन्व्हेंटमध्ये सायकलच्या शर्यतीत मी पहिली आले होते. (दुसरी. पण पहिलीने लबाडी केली होती.)
चिरंजीवांची अट: दोन-तीन आठवडे सराव, मग तो स्वतः बघणार, मग ठरवणार. मला परीक्षा! चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजची सुपरवायझर, हाताखाली बावीस मुली.

५ नोव्हेंबर
पहिला सराव, अंगणात. सायकल पडली. मी पडले नाही, उतरले.

९ नोव्हेंबर
सायकलवाल्याकडे सीट खाली करून घेतली. म्हणाला, बाई, मान वळत नाही तुमची, आरसा लावू का? म्हटलं, मान उत्तम वळते, वळवायची गरज पडत नाही. सिस्टर आम्हाला शिकवायच्या, पाठ ताठ, नजर समोर. तो हसला. दात बरे नाहीत त्याचे.

१४ नोव्हेंबर
बाकावर तांदळाचं पोतं बांधून शाळेपर्यंत गेले नि आले. तीन किलोमीटर. स्टँड काढायलाच चार झटके लागतात, वजनाने तो रुततो. पुलाजवळच्या वळणावर पाय टेकावा लागला. दोनदा. मागचा ट्रक उगाच हॉर्न वाजवत होता. घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, हात का थरथरताहेत? म्हटलं, थंडी. ह्यांनी पंखा बंद केला. टोमणा होता, कळला मला.

२२ नोव्हेंबर
परीक्षा. मागे भिंगरी, तिच्या मागे दुसऱ्या सायकलवर चिरंजीव. ही पोरगी जन्मल्यापासून गप्प बसलेली नाही. आजी, तो कुत्रा बघ, लंगडा आहे. आजी, त्या काकांनी विजार उलटी घातलीय. मी काका बघायला गेले आणि समोर बस. अक्षरशः हातभर अंतर. चिरंजीव पांढराफटक. म्हणाला, आई, बास, राहू दे. मी म्हटलं, दोष माझा नाही, बडबडीचा आहे. एक्स्चेंजमध्ये बोर्डावर बसल्यावर गप्पा बंद, म्हणून कामं व्हायची. तिथेच नियम केला: मागे बसलेलीने बोलायचं नाही.
भिंगरीने विचारलं, काहीच नाही? हेल्मेट डोक्यावर असेपर्यंत काहीच नाही. शिंक आली तर? शिंक चालेल.
परतीचा रस्ता आदर्श. ना आवाज, ना पाय टेकणं. पास! चिरंजीव म्हणाला, एक आठवडा बघू, काही झालं तर पाळणाघर. सूनबाई म्हणाल्या, आई, ती गप्प बसली की मला भीती वाटते. म्हटलं, सवय नाही तुम्हाला शिस्तीची.

१ डिसेंबर
पहिला दिवस. आणली. चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागला, पण आणली.

२ डिसेंबर
आणली. ट्रक पुन्हा मागे. रात्री मान दुखली. उशी बदलायला हवी.

४ डिसेंबर
सगळं क्रमाने लिहायचं. तसंच लिहिते.
शाळेच्या फाटकाशी भिंगरीला बाकावर बसवलं. मग माझ्या हेल्मेटचा पट्टा लावत बसले, तो निकृष्ट आहे. निघताना मागून काहीतरी आवाज आला. म्हटलं, नियम. पुन्हा आवाज. मी जरा जोरात म्हटलं, नियम! आवाज बंद.
स्टँड पहिल्याच झटक्यात निघाला. सायकल पिसासारखी. पुलाचं वळण पाय न टेकता घेतलं. मनात म्हटलं, बघा, सरावाने काय होतं! पाढे म्हणून घेते रस्त्यात, तीही मनातल्या मनात म्हणते, तसं आज बाराचा पाढा घेतला.
घराच्या फाटकात हे उभे होते. म्हणाले, भिंगरी कुठाय?
म्हटलं, मागे.
म्हणाले, मागे नाही.
तशीच उलट निघाले. हे मागून ओरडत होते, शाळेला फोन करतो, तू थांब. थांबले नाही. बॅटरी लावायची राहिली, ते पुलाच्या चढावर कळलं. पडली असेल तर आवाज आला असता. आला असता ना? गटार बघितलं. रस्त्याची कड बघितली. पुलाखाली काहीतरी पिवळं दिसलं, उतरले, प्लास्टिकची पिशवी होती. तिचं दप्तर पिवळं आहे.
शाळेच्या फाटकाशी वॉचमनच्या स्टुलावर बसली होती. हेल्मेट डोक्यावर, मांडीवर पाण्याची बाटली, तोंड घट्ट मिटलेलं. बाटली राहिली म्हणून ती उतरली होती. वॉचमन म्हणाला, बाई, अर्धा तास झाला, नाव विचारलं, घरचा नंबर विचारला, पोरगी शब्द बोलत नाही. मुकी आहे का?
मी विचारलं, अगं, बोलली का नाहीस?
तिने हेल्मेटकडे बोट दाखवलं आणि माझ्याकडे बघत राहिली. आता बोलू का, असं.
म्हटलं, बोल.
घरापर्यंत हातात सायकल धरून चालत आणली तिला. बोलली नाही.

५ डिसेंबर
कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर उत्तरं तयार होती: बाटली, पट्टा, शाळेचं फाटक रस्त्याला इतकं खेटून. सूनबाई एवढंच म्हणाल्या, आई, तुम्ही दमता. चिरंजीव पाळणाघराचा फॉर्म भरत होता. पेन चालत नव्हतं, माझं दिलं.

११ डिसेंबर
सायकल भाजीसाठी नेण्याची मला परवानगी आहे. (आभार.) चारला निघाले. पाळणाघराचा रस्ता सपाट, गुडघ्यांना बरा. कुंपणापाशी जरा थांबले. भिंगरी घसरगुंडीच्या टोकावर बसून चार मुलांना काहीतरी सांगत होती. हात, पाय, डोळे, सगळं बोलत होतं. वाट अडवून बसलेली, पण खालची पोरं ऐकत उभी.
पाळणाघराच्या बाई आल्या. म्हणाल्या, कोणाला न्यायचंय? म्हटलं, कोणालाच नाही, मी भाजीला निघालेय. मंडई उलट्या दिशेला आहे, हे त्यांना माहीत नसावं.
म्हणाल्या, कालही भाजीच होती का?
म्हटलं, काल कांदे. आज बटाटे.