मुंगीला कोणी शिकवावे, याबद्दल

मी, चष्म्याच्या काचा घासून चौकटीत बसवण्याचे काम आयुष्यभर करत आलेली बाई, वय शेहेचाळीस, हे माझ्या हाताने लिहून ठेवते. शरीर आता डॉक्टरांच्या हवाली आहे, मन अजून माझ्याच ताब्यात आहे. कोणी धमकावले किंवा रडून गळ घातली म्हणून हे लिहीत नाही. रडून गळ घालणारे होते. त्यांचा उल्लेख पुढे येईल. याआधी काही लिहिलेले सापडल्यास ते रद्द समजावे.

१. राहते घर, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, मी माझ्या मुलीला देते. तिला सगळे मुंगी म्हणतात. ती तेरा वर्षांची आहे. ती सज्ञान होईपर्यंत घर विकू नये. स्वयंपाकघरातले टेबल हलवू नये. ते डुगडुगते, पण खिडकीचा उजेड तिथेच चांगला पडतो.

२. बँकेत जे असेल ते तिच्या शिक्षणाला.

३. माझे पेचकस आणि भिंग दुकानातल्या माझ्या जोडीदारणीला. माझा चांगला चिमटा तिने "जरा वेळ" म्हणून नेला तो परत आलाच नाही. तोही आता तिचाच.

४. मुंगीच्या शिक्षणाविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण त्यावरूनच सगळा वाद आहे.

तिचे वडील गेल्यावर ती शाळेच्या फाटकापर्यंत जायची आणि परत यायची. रागावून झाले, समजावून झाले. शेवटी तिने घरी अभ्यास करावा आणि वर्षअखेरीस परीक्षा द्यावी, असे शाळेने मान्य केले. पुस्तक उघडले की तिचे डोळे भरायचे. कणीक मळताना मात्र ती बोलायची. म्हणून मी पुस्तक मिटले आणि परात पुढे ओढली.

पाककृती सहा माणसांची असायची आणि आम्ही दोघी, त्यामुळे अपूर्णांक रोजच लागले. यीस्ट साखर खाऊन पीठ फुगवते, हे तिने वाटीला कान लावून ऐकले. जांभळ्या कोबीच्या पाण्यात लिंबू पिळल्यावर ते गुलाबी झाले, तेव्हा घरातले जे जे ओतता येईल ते ते तिने त्यात ओतून पाहिले, माझे खोकल्याचे औषधसुद्धा. भाषेसाठी मी तिला कृती लिहायला सांगितली आणि ती लिहील अगदी तसेच केले. तिने लिहिले, "मीठ घाला." मी पातेल्यातल्या पाण्यात अख्खी बरणी उपडी केली.

"आई! असं काय करतेस?"

"तू किती ते कुठे लिहिलंस?"

त्यानंतर तिची वाक्ये नीट झाली. ते खारट पाणीही फुकट गेले नाही, त्यात अंडे तरंगवले.

माझी चूक एकच: कुठल्या गोष्टीला कुठला विषय म्हणतात हे मी सांगितलेच नाही. नाव काढले की ती मिटून जाईल अशी भीती होती. शाळेच्या बाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "गणित कुठवर आलंय?"

मुंगी खरे तेच बोलली. "गणित नाही करत आम्ही. पाव करतो."

बाईंचा चेहरा पडला. ही बातमी माझ्या नणंदेपर्यंत पोहोचायला वेळ लागला नाही.

५. नणंदबाई आल्या, रडल्या, आणि म्हणाल्या, "वहिनी, पोरीला माझ्याकडे द्या. स्वयंपाकाचंच वेड असेल तर माझ्यासारखी कोण आहे?"

हे खरे आहे. त्यांच्या हाताची चव मला साता जन्मांत येणार नाही. पण लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्यांच्या ओट्याजवळ गेले की एकच शब्द ऐकला: "सरका." परवा मुंगी कांदा चिरत होती, तर त्यांनी सुरी काढून घेतली. "सरक गं, तुझ्याने व्हायचं नाही." मुंगी सरकली. ती किती पटकन सरकली, ते मी पाहिले.

नणंदबाईंना माझी चांदीची ताटे द्यावीत. मुंगीने दर रविवारी त्यांच्याकडे जेवायला जावे आणि पोटभर जेवावे. शिकायला जाऊ नये.

६. मुंगीचा पालक म्हणून मी माझ्या धाकट्या भावाला नेमते. तो लिफ्ट दुरुस्त करतो आणि त्याला चहाही धड येत नाही. मी विचारले तेव्हा तो घाबरला.

"ताई, मी काय शिकवणार तिला? तिच्याएवढा असताना मीच नापास झालो होतो."

"तू नको शिकवूस. तू शीक."

त्याने या घरात राहावे आणि रोजचा स्वयंपाक मुंगीने सांगितल्याप्रमाणे स्वतःच्या हाताने करावा. समजले नाही तर "का?" विचारावे. लाजू नये. मुंगी परीक्षा देईल. नापास झाली तर पुन्हा देईल, आणि तोवर घरात कोणी तोंड पाडून बसू नये.

हा निर्णय मी काल घेतला, तो कसा ते सांगते. मी पलंगावर पडले होते. भाऊ कामावरून तसाच कणीक मळायला गेला. आतून आवाज आला.

"मामा, हात बघ! ग्रीस आहे सगळं."

"धुतले की."

"नुसत्या पाण्याने नाही जात. साबण घे."

"का?"

मुंगीने नळ सोडला. मग म्हणाली, "तेलाचं आणि पाण्याचं जमत नाही ना. साबण एका हाताने तेलाला धरतो, एका हाताने पाण्याला. मग दोघं बरोबर निघून जातात."

साबणाचे मी तिला कधीच शिकवले नव्हते.

हे सर्व वाचून, समजून, खालील दोघांच्या देखत सही करत आहे. ज्याच्या नावे काही ठेवले किंवा ज्याला पालक नेमले त्याने साक्ष देऊ नये असे वकिलांनी सांगितल्याने भाऊ जिन्यात उभा आहे.

सही: मुंगीची आई

साक्षीदार: १. समोरच्या घरातल्या नर्सबाई (सही)
२. तळमजल्यावरचे केशकर्तनालयवाले काका (सही)

ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक: बारा मार्च, सकाळी